जर्मनीत ओ-पेअर म्हणून जाण्याआधी: करार, घरकाम आणि मुलांची जबाबदारी

फोंडेकर

नमस्कार मंडळी. भाचीला जर्मनीत ओ-पेअर म्हणून जायचं आहे, म्हणजे तिथल्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची आणि बदल्यात राहणं-जेवण आणि हातखर्च मिळवायचा. वय २२, बी.ए. झालंय, जर्मनची ए१ (पहिल्या पातळीची) परीक्षा पास. श्टुटगार्टजवळच्या एका कुटुंबाशी व्हिडिओवर बोलणं चालू आहे, मुलंही दिसली. मुलं दोन, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा. आईवडील दोघंही नोकरीवाले.

घरच्यांचे प्रश्न असे: काम नेमकं किती आणि कोणतं? करारात काय बघायचं? तिथलं घर सांभाळायला तिने इथूनच काय शिकून जावं? स्वयंपाक, केर-लादी सगळं येतं तिला, पण डिशवॉशरला कधी हात लावलेला नाही. इथला एक एजंट अडीच लाख मागतोय. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

म्हापसा_बाजार

अडीच लाखांचं आधी बोलू, कारण ते आजच थांबवायला हवं. जर्मनीतली एजन्सी ओ-पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरो घेऊ शकते, तशी कायद्याने मर्यादा आहे. एजन्सीची खरी कमाई यजमान कुटुंबाकडून होते. बाकी खर्च म्हणजे व्हिसाचे ७५ युरो, परीक्षेची फी आणि विमानाचं तिकीट. सगळं मिळून अडीच लाख होत नाहीत.

तुमचं कुटुंबाशी थेट बोलणं चालू आहे, मग मधे एजंट हवाच कशाला? भारतातून कामासाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक न देता तो विषय बदलू लागला, तर तुम्हाला उत्तर मिळालंच म्हणायचं.

उलट बाजूनेही फसवणूक होते. ‘कुटुंब’ स्वतःच मेल करतं, पगार भरमसाट सांगतं आणि मग व्हिसाच्या किंवा वकिलाच्या नावाने पैसे पाठवायला लावतं. खरं कुटुंब ओ-पेअरकडून एक पैसाही मागत नाही. तुमचं कुटुंब व्हिडिओवर मुलांसकट दिसलंय हे चांगलं. आधीच्या ओ-पेअरचा नंबर मागा आणि तिच्याशी कुटुंबाच्या गैरहजेरीत बोला.

डिचोलीची

तासांचं गणित कागदावर मांडून दाखवते. जर्मनीतली मर्यादा: आठवड्याला ३० तास, दिवसाला ६ तास. आठवड्यातून सलग दीड दिवस सुट्टी, महिन्यातून निदान एक रविवार मोकळा, आठवड्यातल्या चार संध्याकाळी मोकळ्या. पूर्ण वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा. हातखर्च महिना २८० युरो, शिवाय भाषावर्गासाठी कुटुंबाने द्यायचे महिना ७० युरो. राहणं-जेवण फुकट. आजारपण, अपघात आणि बाळंतपण यांचा विमा कुटुंबाने काढायचा. मुदत सहा महिने ते एक वर्ष, आणि ही संधी आयुष्यात एकदाच.

आईवडील नोकरीवाले असले की आठवडा साधारण असा पडतो: सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:४५ ते ८:१५ आवराआवर आणि शाळा, दुपारी ३ ते ६:३० मुलं. रोजचे पाच तास, म्हणजे पंचवीस झाले. शनिवारी संध्याकाळी ७ ते १२ आईवडील बाहेर गेले की तीस भरले. मुलं झोपलेली असली तरी हे पाच तास कामाचेच. ‘ती तर नुसती घरात बसून होती’ असा हिशोब करणारी कुटुंबं असतात, म्हणून संध्याकाळची राखणही तासांत धरायची हे करारात लिहून घ्या. हे ३० तास महिन्याची सरासरी नव्हेत. या आठवड्यात ४२ आणि पुढच्यात १८ असं चालत नाही. दोन्हीकडच्यांना दिसेल असं वेळापत्रक फ्रिजवर लावायचं आणि झालेले तास रोज त्यावर लिहायचे.

कामाची हद्दही लिहूनच ठेवा. मुलांचं खाणं, मुलांचे कपडे, मुलांची खोली, सगळ्यांसोबत टेबल लावणं-आवरणं, कधी दूध-पाव आणणं, एवढं ओ-पेअरचं. अख्ख्या घराच्या खिडक्या पुसणं, बाग खणणं, आजीची शुश्रूषा, वडिलांच्या दुकानात बसणं हे तिचं काम नाही. स्वतःची खोली हवी, खिडकी आणि हीटर असलेली, निदान ८ चौरस मीटर. बाळाच्या खोलीत गादी टाकून देणाऱ्या घराला सरळ नाही म्हणा.

सांगेकर

डिचोलीच्या ताईंनी सगळं नीट लिहिलंय, एक भर घालतो. कुटुंबाची बोलीभाषा जर्मन हवी. घरात जर्मन बोलतात पण कोणाचीच ती मातृभाषा नाही, अशा घरी ओ-पेअर त्या कुटुंबाच्याच मूळ देशातली चालत नाही. ओ-पेअर नातेवाईकही नको. ‘मावशी तिथेच आहे, तिच्याच मुलांना सांभाळेल’ हा बेत आपल्याकडे पुष्कळ जण करतात, पण त्यावर व्हिसा मिळत नाही. वयाचा नियमही कडक आहे, अर्ज करताना २७ पूर्ण झालेले नसावेत.

गोव्यातल्यांसाठी जर्मनीचा वाणिज्य दूतावास म्हणजे मुंबईचा. खिडकीवर जर्मनमधून साधे प्रश्न विचारू शकतात: मुलं किती, त्यांची वयं, गाव कुठलं, दिवसभर काय करणार. प्रमाणपत्र आहे पण तोंडातून वाक्य निघत नाही, असं झालं की अर्ज तिथेच लंगडा पडतो. कुटुंबाशी व्हिडिओवर इंग्रजीत बोलत असाल तर आजपासून जर्मनमध्ये बोला.

पेडणेकरीण

आता घरातल्या यंत्रांबद्दल. स्वयंपाक येणारी मुलगी इथेच अडते, आणि मोडतोडही इथेच होते.

डिशवॉशर. त्याला तीन गोष्टी लागतात: गोळी किंवा पावडर, चमक आणणारं द्रव आणि मीठ. मीठ तळातल्या झाकणाच्या टाकीत जातं, पाण्यातला क्षार काढणारा भाग त्याने ताजा होतो. ते डिशवॉशरचंच जाड मीठ हवं. जेवणातलं मीठ घालू नये, त्यातल्या गुठळ्या न होण्याच्या पुडीने तो भाग तुंबतो. मीठ मशीन सुरू करायच्या लगेच आधी भरायचं, कारण सांडलेलं खारं पाणी आत राहिलं तर स्टीलला गंज चढतो. ताटं विसळून लावायची गरज नसते, खरकटं खरवडलं की पुरे. लाकडी पाट-चमचे, धारेच्या सुऱ्या, ॲल्युमिनियमचे टोप आणि बिडाचा तवा आत कधीच नाही. ॲल्युमिनियम एका धुण्यात काळं पडतं आणि ते परत येत नाही. तळातली जाळी आठवड्याला काढून धुवावी, भांड्यांना वास येतो तो तिच्यामुळे.

कपड्यांचं मशीन. पावडरच्या खणात तीन कप्पे असतात. एक उभी रेघ म्हणजे आधीची धुलाई, दोन रेघा म्हणजे मुख्य, फूल म्हणजे मऊपणाचं द्रव. पावडर दोन रेघांच्या कप्प्यात. टॉवेल, चादरी, बाळाची फडकी ६० अंशावर, रोजचे रंगीत कपडे ३० किंवा ४० वर. लोकर फक्त लोकरीच्या प्रोग्रामवर, लोकरीच्याच साबणाने. लोकर म्हणजे प्रथिन, साध्या पावडरीतली विकरं (एन्झाइम) ते खातात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की धागे एकमेकांत अडकून स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. ड्रायरमध्ये लोकर अजिबात नको. ड्रायरची लिंट-जाळी (कपड्यांचे सुटे तंतू अडकतात ती) प्रत्येक वेळी साफ करायची आणि पाण्याची टाकी रिकामी करायची, नाहीतर मशीन मधेच थांबतं. धुणं झालं की मशीनचं दार उघडंच ठेवायचं.

शेगडी काचेची असते. इंडक्शन असेल तर तळाला चुंबक चिकटतो तेच भांडं चालतं. दूध-साखर उतू गेलं की काच गरम असतानाच ब्लेडच्या खरवडणीने काढायचं. थंड झालेली साखर काढताना काचेचे टवके उडतात.

किटलीतला पांढरा थर सायट्रिक ॲसिडने जातो. एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, अर्धा तास, आणि पाणी थंडच ठेवायचं. उकळलं तर कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसतो, जो आधीच्याहून चिवट. संगमरवराला सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर लावू नका, दगड खातं. आणि ही दोन्ही क्लोरीनवाल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायची नाहीत, विषारी वायू निघतो.

काणकोण_किनारा

न्हाणीघराबद्दल सगळ्यांनी नीट वाचा. तिथल्या बाथरूमच्या जमिनीला बहुधा मोरी नसते. पाणी जातं ते फक्त टबातून, शॉवरच्या चौकटीतून आणि बेसिनमधून. आपल्यासारखी बादली ओतून फरशी धुतली तर पाणी फटींतून खालच्या मजल्याच्या छतात उतरतं. फरशी पिळलेल्या फडक्यानेच पुसायची. अंघोळ झाली की काचेवरचं पाणी रबराच्या पट्टीने ओढायचं, नाहीतर क्षाराचे ठिपके बसतात.

पेडणेकरीण

बरोबर, आणि त्याच्याच जोडीला खिडक्या. मूठ खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडी, वर म्हणजे वरून तिरकी. मूठ फिरवताना खिडकी चौकटीला टेकलेली हवी. उघडी असताना मूठ वर केली तर खिडकी एकाच बिजागरीवर लोंबते आणि पडतेय असं वाटतं. घाबरू नका, सुटलेला वरचा कोपरा चौकटीत दाबून धरा आणि मूठ हळूच परत आडवी करा.

हिवाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडायच्या, तेवढा वेळ हीटर बंद. दिवसभर तिरकी ठेवलेली खिडकी हवा फारशी बदलत नाही, पण भोवतीची भिंत गार करते. त्या गार भिंतीवर आतली वाफ बसते आणि काळी बुरशी धरते. आपल्याकडे श्रावणात कपाटामागच्या भिंतीवर येते, तीच ही. घरमालक याबाबत फार काटेकोर असतात. हीटरच्या कळीवरचा ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढचा-मागचा प्रत्येक आकडा अंदाजे चार अंशांचा. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.

फोंडेकर

फारच उपयोगी, सगळं उतरवून घेतोय. कचऱ्याच्या पेट्यांबद्दल बरंच ऐकलंय, ते कोणी सांगेल का? आणि मुलांबद्दल, विशेषतः लहान्याबद्दल.

म्हापसा_बाजार

कचरा थोडक्यात. प्लास्टिक-पत्र्याची वेष्टनं पिवळ्या पेटीत किंवा पिशवीत, कागद निळ्यात, भाजीची सालं तपकिरीत, उरलेलं काळ्या किंवा करड्या पेटीत. गावागणिक रंग आणि नियम थोडे बदलतात, त्यामुळे पोचल्यावर नगरपालिकेचं कॅलेंडर बघायचं. पेटी नेमून दिलेल्या दिवशीच रस्त्यावर काढतात. काच पांढरी, हिरवी, तपकिरी अशी वेगळी करून रस्त्यावरच्या डब्यात, पण रविवारी नाही, कारण रविवार शांततेचा. गवत कापणं, भिंतीत ड्रिल मारणंही रविवारी बंद, आणि दुकानंही बंद. शनिवारी दूध आणून ठेवा.

बाटल्या फेकू नका. पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या परत वापरायच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकल्या की पावती येते. ते पैसे घरखर्चाच्या डब्यात जातात. वाणसामानाच्या पैशांची प्रत्येक पावती जपून ठेवायची, विचारल्यावर शोधत बसायला नको.

मडगावची_मावशी

मुलांबद्दल मी लिहिते, कारण ओ-पेअर मुख्यतः त्यांच्यासाठीच जाते.

दीड वर्षाच्या मुलाला अख्खं द्राक्ष, शेंगदाणे, कच्च्या गाजराचे तुकडे नको. द्राक्ष उभं चिरायचं, आडवं चिरलं तरी गोल चकती श्वासनळीत बसते. झोपताना स्लीपिंग बॅग वापरतात, घरच्यांना विचारल्याशिवाय त्यावर गोधडी घालू नका. अंघोळीचं पाणी ३७ अंश. पाण्यात असलेल्या मुलाला अर्धा मिनिटही एकटं सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तर वाजू दे.

गाडीत १२ वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा उंची १५० सेंटिमीटर होईपर्यंत मुलांची खुर्ची कायद्याने लागते. हिवाळ्यात जाड जाकीट काढून मगच पट्टा लावायचा, जाकीट वरून घालायचं. जाकिटात हवा असते, पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की मूल त्यातून सुटतं.

बाहेर जाताना कपडे थरांचे: आत बनियन, मधे लोकर, वर पाऊस-वारा अडवणारं. चिखलात खेळायची वेगळी रबरी विजार असते. पाऊस पडतोय म्हणून मुलांना घरात ठेवत नाहीत, हे सुरुवातीला जड जातं. श्टुटगार्टच्या बाजूला गवतात खेळून आल्यावर गोचीड शोधावी लागते: गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून हळू सरळ ओढायची. तेल, स्पिरिट काही लावायचं नाही. नंतर त्या जागी लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर लगेच आईवडिलांना सांगायचं. त्या भागात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस घेतात, भाचीनेही डॉक्टरांशी बोलून घ्यावी.

मुलांवर हात उगारायचा नाही, चापटीही नाही. २००० पासून जर्मन कायद्यात मुलांना मारहाणीविना वाढण्याचा हक्क लिहिलेला आहे. लाल सिग्नलला मुलांसमोर रस्ता ओलांडायचा नाही, गाडी नसली तरी. मुलांचे फोटो स्टेटसवर टाकायचे नाहीत. औषध, अगदी तापाचंसुद्धा, आईवडिलांनी लिहून दिल्याशिवाय नको. पाळणाघर आणि शाळेतून मुलं ताब्यात घ्यायला आईवडिलांची लेखी परवानगी लागते, पहिल्याच आठवड्यात ती भरून घ्या. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०. फोनवर पत्ता जर्मनमध्ये सांगता यायला हवा. तो पाठच करा, घरनंबर आणि मजल्यासकट.

पणजी_फेरीबोट

पोचल्यावरची कामं: दोन आठवड्यांत नगरपालिकेत राहण्याची नोंद. त्याला जागा देणाऱ्याच्या, म्हणजे यजमान कुटुंबाच्या, सहीचा कागद लागतो. मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवासपरवाना. भाषावर्गाला ‘फोल्क्सहोखशूले’ ही गावची सार्वजनिक शाळा सगळ्यांत स्वस्त. वर्गाच्या वेळा बघून कामाचं वेळापत्रक बसवायला आधीच सांगा, सत्र सुरू झाल्यावर जागा मिळत नाही.

गाडी चालवायला लावणार असतील तर भारतीय परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो. जाण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. अपघात झाला तर विम्याबाहेरची रक्कम कोण भरणार, हे लिहून घ्या.

किल्लीचं फार कमी लोक सांगतात. पुष्कळ इमारतींत सगळी कुलपं एकाच किल्ली-व्यवस्थेत जोडलेली असतात. एक किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलावी लागतात आणि बिल हजारोंत जाऊ शकतं. कुटुंबाच्या दायित्व विम्यात (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) ओ-पेअरचं नाव आणि किल्ली हरवणं दोन्ही धरलंय का, ते विचारा. दार ओढलं की आपोआप बंद होतं आणि बाहेरची मूठ फिरत नाही. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी.

सांगेकर

पटलं नाही तर काय, हेही करारात असावं. साधारण दोन आठवड्यांची नोटीस दोन्हीकडून असते. दुसरं कुटुंब शोधता येतं, पण परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवून, आणि एक वर्षाची मुदत काही वाढत नाही. म्हणून त्रास होत असेल तर पाच-सहा महिने सोसत बसू नये, पहिल्या महिन्यातच बोलावं.

वाळपई_वाट

जर्मनीच का? पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना कुठेही जाता येतं ना?

पणजी_फेरीबोट

युरोपीय संघात हो. आजोबा-आजी १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातले असतील आणि भाचीची पोर्तुगीज नोंदणी पूर्ण झाली असेल, तर व्हिसा लागत नाही. पण भारतीय नागरिकत्व जातं, त्यामुळे एका वर्षाच्या ओ-पेअरसाठी कोणी तो निर्णय घेऊ नये. ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटनंतर तो पासपोर्ट या कामाला उपयोगी नाही, आणि ओ-पेअर व्हिसा तिथे २००८ पासूनच नाही.

बाकी देश: नॉर्वेने २०२४ मध्ये ही योजना बंद केली. फ्रान्समध्ये आठवड्याला २५ तास, हातखर्च निदान ३२० युरो. नेदरलँड्समध्ये सरकारमान्य एजन्सीतूनच जाता येतं. अमेरिकेत जे-१ (देवाणघेवाण योजनेच्या) व्हिसावर आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम, दोन वर्षांखालच्या मुलासाठी २०० तासांचा लेखी अनुभव लागतो. तासांच्या हिशोबाने जर्मनी सुसह्य आहे, आणि पुढे तिथेच प्रशिक्षण घ्यायचं असेल तर वर्षभरात बी१ (जर्मनची मधली पातळी) होणं हा मोठा फायदा.

फोंडेकर

शेवटचा प्रश्न, तिच्या आईचा. खाण्याचं काय? सोबत काय देता येईल?

मडगावची_मावशी

संध्याकाळचं जेवण बऱ्याच घरांत थंड असतं: पाव, चीज, मांसाच्या चकत्या, काकडी. गरम जेवण दुपारी किंवा फक्त सुट्टीला. डुकराचं-गाईचं चालत नसेल तर आत्ताच, करारापूर्वी सांगा, म्हणजे तिच्यासाठी अंडी-मासे आणून ठेवतील. रात्री भात लावायची मुभा आहे का, तेही विचारून ठेवा.

सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यात तूप आणि पेढेही आले. ताज्या पाल्याला प्रमाणपत्र लागतं, म्हणून कढीपत्ता वाळवून द्या. नारळ आणि केळी त्या नियमातून सुटलेली आहेत. सोलां (आमसुलं), तिरफळं, हळद, उकडे तांदूळ बिनधास्त. सुकी सुंगटं (कोळंबी) नियमात बसतात, पण बंद स्वयंपाकघरात त्यांचा वास दोन दिवस राहतो. पंखा लावून, खिडकी उघडून आणि घरच्यांना आधी सांगून भाजायची. मिक्सर आपला तिथे चालतो, वीज २३० व्होल्टच आहे, फक्त पिनेचं अडॅप्टर लागेल. मातीची भांडी मात्र देऊ नका, काचेच्या शेगडीवर ती चालत नाहीत.